चिनी नाव कसं निवडावं: आडनावापासून शिक्क्यापर्यंत

१९३८ साली काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात महाराष्ट्राला जवळचे दोघे होते, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. बाकीचे तिघे अटल, बसू आणि मुखर्जी. तिकडे या पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाचं शेवटचं अक्षर एकच ठेवलं गेलं: 'ह्वा', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'ख तीह्वा'. यातलं 'ख' हे रूढ चिनी आडनाव आणि 'कोटणीस'मधल्या पहिल्या अक्षराच्या जवळचं. 'ती' हे एका झुडपाचं नाव. प्राचीन चिनी काव्यात ते झुडूप भावाभावांच्या प्रेमाची खूण म्हणून येतं. तीन अक्षरांत मूळ नावाचा धागा, बंधुभाव आणि चीन. पुढे त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव सेनानी न्ये रोंगचन यांनी ठेवलं 'यिनह्वा': 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन.

आज मेडिकलला जाणारे विद्यार्थी, यीवू किंवा ग्वांगचौच्या बाजारात माल घेणारे व्यापारी, शेन्झेनला बदली झालेले इंजिनीअर, चिनी शिकणारे हौशी लोक, सगळ्यांपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो: माझं चिनी नाव काय ठेवू? बहुतेक जण मोबाइलवरच्या एखाद्या नाव बनवणाऱ्या ॲपकडून उत्तर घेतात आणि ते नाव वर्षानुवर्षं वागवतात. हे टाळता येतं. थोडी मेहनत घेतली तर कोटणिसांच्या नावासारखं नेमकं नाव प्रत्येकाला मिळू शकतं.

चांगल्या नावाच्या माझ्या मते तीन कसोट्या आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिली, ऐकणाऱ्या चिनी माणसाला ते माणसाचं नाव वाटलं पाहिजे. दुसरी, ते त्याच्या लक्षात राहिलं पाहिजे. तिसरी, तुमच्या मूळ नावाशी त्याचा काही धागा असावा. आपण हा क्रम उलटा लावतो, उच्चार जुळवत बसतो, आणि तिथेच गाडं अडतं.

आधी हे ठरवा: नाव लागणार कुठे?

दोन आठवड्यांच्या सहलीसाठी किंवा एका प्रदर्शनासाठी जात असाल तर चिनी नावाची गरज नाही. पासपोर्टवरचं नाव पुरतं. हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये कार्यालयात लोक स्वतःच इंग्रजी नावं वापरतात, तिथेही घाई नको. पण चीनच्या मुख्य भूमीवर किंवा तैवानमध्ये वर्ष-दोन वर्षं राहणार असाल, शिकणार असाल, स्थानिक लोकांशी रोजचा व्यवहार असेल, तर नाव हवंच. 'त्र्यंबक' किंवा 'श्रद्धा' हे शब्द तिथल्या माणसाला उच्चारता येत नाहीत, लिहिता तर मुळीच येत नाहीत. मग तो तुम्हाला 'तो भारतीय' म्हणून ओळखू लागतो.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते, ती आधी दूर करू. वर्तमानपत्रांत परदेशी माणसाचं नाव येतं ते निव्वळ उच्चाराचं लिप्यंतर असतं. गांधी 'कानती' होतात, मोदी 'मोती' होतात. रवींद्रनाथ टागोर असे लिहायला नऊ चिनी अक्षरं लागतात आणि मध्ये एक ठिपका द्यावा लागतो. हे परदेशी नाव आहे हे पाहताक्षणी कळतं. उलट १९२४ साली टागोर बीजिंगमध्ये असताना त्यांच्या वाढदिवसाला विचारवंत ल्यांग छीछाव यांनी त्यांना जे नाव दिलं ते फक्त तीन अक्षरांचं होतं: 'चू चन्तान'. 'चू' हे आडनाव भारताच्या जुन्या चिनी नावातून घेतलेलं. 'चन्तान' हे चीनचं जुनं नाव, आणि त्या अक्षरांत गडगडाट आणि पहाट असे अर्थही आहेत. आपल्याला हवं ते हे दुसऱ्या प्रकारचं नाव.

नावाची घडण

चिनी नावात आडनाव आधी, मग नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर असतो तोच क्रम. आडनाव बहुधा एका अक्षराचं, नाव एक किंवा दोन अक्षरांचं. म्हणजे एकूण दोन किंवा तीन अक्षरं. प्रत्येक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि सहसा एक अर्थ. चार अक्षरी नाव दिसलं की वाचणारा थबकतो, म्हणून तीनवर थांबा. नाव एकाच अक्षराचं ठेवायलाही हरकत नाही, पण मग तेच आडनाव-नाव असलेली लाखो माणसं निघतात.

प्रत्येक अक्षराला सूर असतो: सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि पडता. सूर बदलला की अक्षर बदललं. 'स' हा उच्चार पहिल्या सुरात 'विचार करणं', तिसऱ्या सुरात 'मरणं', चौथ्या सुरात 'चार'. त्यामुळे नाव निवडताना उच्चार, सूर आणि अक्षर या तिन्ही गोष्टी एकत्र लिहून ठेवा. नुसता उच्चार लिहिलेली वही पुढे काही कामाची नसते.

मराठी कानाचा फायदा घ्या

१९५८ पासून चीनमध्ये उच्चारांसाठी रोमन लिपीतली पिनयिन पद्धत वापरली जाते. ती इंग्रजी वाचतो तशी वाचली की सगळा घोळ होतो. चिनी भाषेत ग, द, ब, ज हे वर्ण नाहीतच. तिथे क-ख, त-थ, प-फ, च-छ अशा जोड्या आहेत. पिनयिनमध्ये 'जी' दिसला की 'क' म्हणायचं आणि 'के' दिसला की 'ख'. 'डी'चा 'त', 'टी'चा 'थ', 'बी'चा 'प', 'पी'चा 'फ', तोही ओठ मिटून, 'फळ' म्हणताना जसा जुन्या लोकांच्या तोंडी येतो तसा. इंग्रजी बोलणारे लोक हा भेद शिकायला महिनोन् महिने घेतात. आपल्याला तो बाळपणीच येतो.

दुसरा फायदा दोन 'च'चा. 'चांगला'मधला च आणि 'चिंच'मधला च आपण वेगळे उच्चारतो. पिनयिनमधला 'झेड' म्हणजे 'चांगला'तला च, आणि 'जे' म्हणजे 'चिंच'तला. 'झेड-एच' हा तिसरा. तो म्हणताना जीभ 'ट' म्हणताना वळते तशी मागे वळवायची.

आता अडचणी. शब्दाच्या शेवटी न आणि ङ सोडून जवळपास कोणतंही व्यंजन येत नाही, म्हणून 'पाटील'मधला ल गळतो आणि 'कदम'मधल्या मचा ङ होतो. जोडाक्षरं नाहीत, 'प्रिया', 'श्रीधर' फोडावी लागतात किंवा अर्धी सोडावी लागतात. क-ख नंतर 'ई' येत नाही, त्यामुळे 'किरण', 'गीता' यांच्या पहिल्या अक्षराला जोडीदार मिळत नाही. आणि परदेशी 'र'साठी बहुधा 'ल' वापरला जातो. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकाळापासून 'राम' चिनीत 'ल्वोमो' आहे. हे सगळं लक्षात घेतलं की एक गोष्ट उघड होते: पूर्ण नाव उच्चारानं जुळणारच नाही. एक अक्षर जुळलं तरी समाधान मानावं.

आडनाव: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

चीनमध्ये सहकारी एकमेकांना आडनाव आणि हुद्द्यानं हाक मारतात: वांग मॅनेजर, ली शिक्षक. वयानं लहान असेल तर आडनावाआधी 'श्याव' म्हणजे लहान, मोठा असेल तर 'लाव'. म्हणजे दिवसभर तुमच्या कानावर पडणार आहे ते तुमचं आडनाव. 'कुलकर्णी सर' किंवा 'पाटील मॅडम' म्हणण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना ही पद्धत परकी वाटत नाही.

आडनाव खरं असलं पाहिजे. मनानं बनवलेलं चालत नाही. सोंग राजवटीच्या काळापासून मुलांना पाठ करायला लावत ते 'पाय च्या शिंग' नावाचं पुस्तक म्हणजे पाचशेच्या आसपास आडनावांची यादीच आहे. सम्राटाचं आडनाव 'चाव' होतं म्हणून यादी त्यानं सुरू होते. वांग, ली, चांग, ल्यू, छन ही आजची सगळ्यात मोठी पाच आडनावं. सुरक्षित हवं असेल तर यातलं घ्या, पण माझा सल्ला असा की मध्यम वापरातलं घ्या: सगळ्यांना माहीत असलेलं, तरी गर्दीतलं नसलेलं.

मराठी आडनावांसाठी काही जोड्या सुचवतो. कदम, केळकर, कोटणीस यांना 'ख', किंवा 'खांग', ज्याचा अर्थ आरोग्य. हे कोटणिसांचं 'ख' म्हणजे शाओशिंगजवळच्या 'ख-छ्याव' या कापडबाजाराच्या नावातलंच अक्षर. भारतीय कापड व्यापाऱ्यांची तिथे मोठी वस्ती आहे, त्यामुळे तिथल्या माणसाला अक्षर समजावून सांगायला एक शब्द पुरतो. गोखले, गोडबोले यांना 'काव', म्हणजे उंच. देशपांडे, देशमुख, दळवी यांना 'तिंग', 'तू' किंवा 'ताय'. राणे, राऊत, रानडे यांना 'ल्वो'. शिंदे यांना 'शन'. वैद्य, वाघ यांना 'वेय'. तांबे यांना 'थांग', टिळक यांना 'थ्येन', म्हणजे शेत. भोसले, बापट यांना 'पाव'. लेले, लिमये यांना 'ली' किंवा 'लेय'. आपटे, आगरकर यांना 'आन', म्हणजे शांती, किंवा 'आय'. साठे, सावंत यांना 'सू'. जोशी यांना 'छ्याव'. पाटील, पवार यांना 'फान'.

काळे, वाघ, लोखंडे अशा अर्थ असलेल्या आडनावांचं भाषांतर करायचा मोह होतो. करू नका, त्या अर्थाचं अक्षर आडनाव म्हणून सहसा दिसत नाही. 'गोरे' हा भाग्यवान अपवाद. 'पाय' म्हणजे पांढरा, आणि ते चांगलं रूढ आडनाव आहे. कोटणीस ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले त्या कॅनडाच्या डॉक्टर बेथ्यून यांनाही चीनमध्ये हेच आडनाव मिळालं.

काही आडनावं मात्र पुढच्या नावाचा अर्थ फिरवतात, आणि हे परदेशी माणसाला कोणी आपणहून सांगत नाही. 'वू' या आडनावाचा उच्चार 'नाही' या शब्दासारखाच आहे. त्यापुढे सद्गुण अशा अर्थाचं 'त' जोडलं की ऐकणाऱ्याला 'सद्गुण नसलेला' ऐकू येतं. 'च्या' या आडनावाचा उच्चार 'खोटा' या शब्दासारखा. 'पाय'चा पांढरा सोडून दुसरा अर्थ 'फुकट, व्यर्थ'; त्यापुढे 'मांग', म्हणजे घाईत असणं, आलं की 'उगाच धावपळ करणारा'. 'ताय' म्हणजे अंगावर किंवा डोक्यावर घालणं. त्यापुढे हिरव्या रंगाचं 'ल्यू' येऊ देऊ नका, कारण हिरवी टोपी घालणं म्हणजे बायकोनं फसवलेला नवरा असणं. मोरे आणि मोहिते यांना 'मो' अगदी जवळचं वाटेल, पण 'मो'चा अर्थच 'नको'. २०१२ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या लेखकानं 'मो येन' हे टोपणनाव घेतलं ते त्याच अर्थानं: बोलू नको. लेखकाला ते शोभतं. व्यापाऱ्यानं 'मो' घेतलं तर पुढचं नाव फार जपून निवडावं लागेल. त्यापेक्षा 'मंग' घ्यावं, असं मला वाटतं. तत्त्वज्ञ मेन्शियसचं ते आडनाव, आणि मुंबईचं चिनी नाव 'मंगमाय' त्याच अक्षरानं सुरू होतं.

विवाहित स्त्रियांसाठी एक गोष्ट. चीनमध्ये लग्नानंतर स्त्रीचं आडनाव बदलत नाही. तेव्हा माहेरचं घ्यायचं की सासरचं हा प्रश्न तिथे तुम्हाला कोणी विचारणार नाही. आवडेल त्यावरून निवडा आणि तेच कायम ठेवा.

नाव घडवताना: दोन उदाहरणं

आडनाव उच्चारावरून आणि नाव अर्थावरून, ही सगळ्यात सोपी आणि बहुतेक वेळा यशस्वी होणारी रीत. चीनच्या इतिहासाचे अमेरिकन अभ्यासक फेअरबँक यांना वास्तुतज्ज्ञ ल्यांग सछंग यांनी 'फेइ चंगछिंग' नाव दिलं. 'फेइ' हे फेअरबँकमधलं. 'चंगछिंग' म्हणजे सरळ आणि निर्मळ, आणि ते त्यांच्या 'जॉन किंग' या नावाच्या जवळही जातं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केव्हिन रड 'लू खवन' झाले. अशी नावं वाचणाऱ्याला परकी वाटत नाहीत.

आता आपली उदाहरणं करून पाहू. समजा, मुलीचं नाव स्नेहल जोशी. 'जोशी'वरून 'छ्याव'. इथे एक मोह होईल: 'जोशी'ला पूर्ण जुळेल असं 'छ्याव श' हे नाव घ्यावं. घेऊ नका. हे चीनच्या संसदेच्या स्थायी समितीच्या माजी अध्यक्षांचं नाव आहे; १९९३ ते १९९८ ते त्या पदावर होते, आणि पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला ते आठवेल. म्हणून आडनाव 'छ्याव' एवढंच. 'स्नेहल'मधलं 'स्ने' चिनीत बसत नाही, तेव्हा ते फोडू: 'स' आणि 'न'. पहिल्या सुरातलं 'स', म्हणजे विचार, आठवण. त्याला जोड 'निंग', म्हणजे शांत, निवांत. 'छ्याव सनिंग'. चढता, सपाट, चढता असे सूर, म्हणायला सोपं. मुलीचं नाव म्हणून सहज पटतं, फार जुनंही नाही. 'स'च्या उच्चारात मरणाची छाया आहे का? नाही. सूर वेगळा आहे, आणि विचार या अर्थाचं 'स' नावांत भरपूर वापरलं जातं.

दुसरं उदाहरण, आदित्य पाटील. आडनाव 'फान'. आदित्य म्हणजे सूर्य, मग अर्थाकडून जाऊ. पहिली कल्पना 'चावयांग', सकाळचा सूर्य. पण त्या दोन अक्षरांतलं पहिलं 'छाव' असंही वाचलं जातं, आणि 'छावयांग' हा बीजिंगचा मोठा जिल्हा आहे. प्रत्येक नव्या माणसाला उच्चार सांगत बसावं लागेल. दुसरी कल्पना 'छनश्यू': पहाट आणि उगवता सूर्य. हे खरोखर मुलांना ठेवलं जाणारं सुंदर नाव आहे. मात्र दक्षिण चीनमध्ये पुष्कळ लोक न आणि ङ यांत फरक करत नाहीत. तिथे 'छनश्यू'चं 'छंगश्यू' ऐकू येतं, आणि 'छंगश्यू' म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम. सूरही तेच. बीजिंगला राहणाऱ्याला चालेल. शेन्झेनच्या सॉफ्टवेअर कंपनीत रोज अडचण होईल. तिसरी कल्पना 'श्यूयांग', उगवता सूर्य आणि सूर्यप्रकाश. उच्चार स्पष्ट, दुसरं वाचन नाही, भलता अर्थ नाही. 'फान श्यूयांग' पक्कं.

असंच करायचं. एका नावावर अडून बसू नका. चार-पाच पर्याय कागदावर मांडा आणि एकेक खोडत जा.

अक्षरांचं वय, लिंग आणि वजन

अक्षरांना पिढी असते. 'च्येनक्वो', म्हणजे राष्ट्रउभारणी, हे नाव ऐकलं की १९४९ च्या आसपास जन्मलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. 'वेयतोंग', म्हणजे माओंचं रक्षण करणारा, हे सांस्कृतिक क्रांतीच्या काळातलं. याउलट 'चहान', 'चश्वान' ही नावं गेल्या दहा-पंधरा वर्षांत जन्मलेल्या मुलांनी भरलेल्या वर्गातली. तुमच्या वयाच्या चिनी माणसांची नावं पाहा आणि त्यातल्या अक्षरांच्या आसपास राहा.

लिंगाचंही तसंच. फूल, सौंदर्य, मुलायमपणा या अर्थांची 'फांग', 'ली', 'लान', 'थिंग' ही अक्षरं मुलींच्या नावांत येतात. बळ, सैन्य, धैर्य यांची 'छ्यांग', 'च्युन', 'युंग' मुलांच्या. 'निंग' किंवा 'अन' अशी दोन्हीकडे चालणारीही आहेत. मुलीच्या नावाच्या शेवटी मूल या अर्थाचं 'च' हे अक्षर मात्र नको. त्यानं नाव जपानी वाटतं.

ड्रॅगन, सम्राट, देव असली भारदस्त अक्षरं परदेशी लोकांना फार आवडतात. चिनी वाचकाला ती पौराणिक मालिकेतली वाटतात. ॲप बनवतात ती नावंही बहुधा याच जातीची असतात. लीली, मावमाव अशी दुहेरी नावं लाडाची. लहान मुलाला किंवा मांजराला शोभतात, कराराखाली सही करताना नाही. अतिशय दुर्मिळ अक्षरंही टाळा. २०१३ साली चीननं प्रमाण अक्षरांची जी अधिकृत यादी काढली तीत ८,१०५ अक्षरं आहेत, आणि त्यातली पहिली ३,५०० रोजच्या वापरातली. या ३,५०० च्या बाहेर जाऊ नका, नाहीतर बँकेतल्या कर्मचाऱ्यालाही ते टंकता येणार नाही. अक्षराच्या रेघाही मोजून घ्या. ते तुम्हाला आयुष्यभर हातानं लिहायचं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या रीतीच्या नेमकी उलटी आहे. आपण नातवाला आजोबांचं नाव कौतुकानं ठेवतो. चीनमध्ये घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावातलं अक्षर मुलाला देणं अनादराचं मानलं जातं. राजवटींच्या काळात सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहिणंही वर्ज्य असे. खांगशी सम्राटाच्या नावात 'श्वान' होतं म्हणून बीजिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाज्याचं 'श्वानवू' हे नाव बदलून 'शनवू' केलं गेलं. तुमच्या गुरूंच्या, वरिष्ठांच्या किंवा चिनी सासू-सासऱ्यांच्या नावातलं अक्षर म्हणूनच घेऊ नका. त्यांना मान देण्याच्या हेतूनं घेतलं तरी त्यांना अवघडल्यासारखं होईल.

रेघांची संख्या आणि पंचतत्त्वं पाहून नाव ठेवण्याची पद्धतही तिथे आहे, तैवान आणि हाँगकाँगमध्ये ती विशेष जपली जाते. परदेशी माणसावर ती बंधनकारक नाही. पण एखाद्या वयस्क परिचितानं आस्थेनं तसं पाहून द्यायचं म्हटलं, तर आनंदानं स्वीकारा.

तपासून घ्या

पहिली तपासणी घरी बसून होते. मोबाइलवर चिनी कीबोर्ड घाला, नाव सूर न देता पिनयिनमध्ये टाइप करा आणि वर कोणते शब्द सुचवले जातात ते पाहा. तेच शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आधी येतात. पोटदुखी, नपुंसकता, खादाड माणूस अशा अर्थांशी जुळणारी कितीतरी निरागस दिसणारी नावं इथेच सापडतात. मग पूर्ण नाव बायदू या चिनी सर्च इंजिनवर शोधा. एखादा कुप्रसिद्ध अधिकारी किंवा अभिनेत्री निघाली तर एक अक्षर बदला.

दुसरी तपासणी माणसांकडून. किमान तीन जणांना विचारा: एक तुमच्या वयाचा, एक वयानं मोठा, आणि एक तुम्ही जिथे राहणार त्या भागाची बोली बोलणारा. 'नाव कसं आहे?' असं विचारलंत तर तिघंही छान म्हणतील, कारण पाहुण्याच्या नावाला नावं ठेवणं त्यांना बरं वाटत नाही. त्याऐवजी नाव कागदावर लिहून द्या, तुमचं आहे हे सांगू नका, आणि विचारा: हे नाव कुणाचं असेल? बाई की पुरुष? वय किती? कुठल्या भागातलं माणूस? उत्तर तुमच्या वर्णनाच्या जवळपास आलं तर नाव बसलं. एकानं जरी ओठ दाबून हसू आवरलं, तर कारण कळेपर्यंत सोडू नका.

बोलीची तपासणी हाँगकाँग, ग्वांगचौ आणि सिंगापूरला जाणाऱ्यांनी चुकवू नये. एकच अक्षर तिथे वेगळं वाचलं जातं: मँडरिनमधला, म्हणजे प्रमाण चिनीतला, 'वांग' कँटोनीज या दक्षिणी बोलीत 'वाँग', आणि 'छन'चा तिथे 'चान' तर होक्कियन या दुसऱ्या दक्षिणी बोलीत 'तान'. तैवान, हाँगकाँगमध्ये जुनी, जास्त रेघांची अक्षरं चालतात. 'छ्याव' आणि 'निंग' ही दोन्ही तिथे वेगळी लिहिली जातात. दोन्ही रूपं शिकून ठेवा.

नाव अंगवळणी पाडा

'निन क्वेय शिंग?', आपलं शुभ आडनाव काय, असं कुणी विचारलं की उत्तर द्यायचं: 'म्येन क्वेय, शिंग ख'. म्हणजे 'शुभ' हा मान नको, आडनाव ख. लगेच पुढचा प्रश्न येतो: कुठलं 'ख'? एका उच्चाराची अनेक अक्षरं असतात, म्हणून चिनी माणसं स्वतःचं आडनावही फोडून सांगतात. ली सांगतो, 'लाकूड आणि मूल मिळून होतं ते'. चांग नावाचे दोन गट आहेत: एक सांगतो 'धनुष्य आणि लांब', दुसरा सांगतो 'उभं राहणं आणि लवकर'. 'ख'वाल्यानं सांगावं 'लाकूड आणि शक्य'. नावाची अक्षरं परिचित शब्दांतून सांगतात: 'निंग' म्हणजे चीनच्या वायव्येकडच्या निंगश्या या स्वायत्त प्रदेशाच्या नावातलं 'निंग'. फोनवर, दवाखान्यात, कुरिअरवाल्याला हे वाक्य रोज सांगावं लागतं. न अडखळता म्हणता येईपर्यंत घोकून ठेवा.

कायद्याच्या कागदांवर तुमची ओळख पासपोर्टवरच्या रोमन नावानंच राहते. पण विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात, भाडेकरारात, कंपनीच्या नोंदीत चिनी नाव विचारलं जातं, आणि तैवानमध्ये ते रहिवासी ओळखपत्रावरही येऊ शकतं. पहिल्या कागदावर जी अक्षरं लिहिलीत तीच शेवटपर्यंत लिहा. पदवी एका अक्षरानं आणि नोकरीचा करार दुसऱ्यानं झाला, तर दोन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करत फिरावं लागतं. व्हिजिटिंग कार्डावर एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला पासपोर्टप्रमाणे रोमन नाव ठेवा. वीचॅटवरही दोन्ही लिहिलेली बरी.

दगडी शिक्का कोरून घ्यायची हौस सगळ्यांनाच असते. नाव काही महिने वापरून पक्कं झाल्यावर तो करा. शिक्क्यावर प्राचीन वळणाची, जुनी अक्षरं कोरतात, म्हणून कोरण्याआधी कारागिराकडून रेखाटन मागून घ्या आणि ते चिनी वाचणाऱ्याला दाखवा. शिक्क्याची शाई लालच असते, पण हातानं कुणाचंही नाव लाल पेनानं लिहू नका. तिथे ते अशुभ आणि अपमानाचं मानतात. सहीसाठी काळं किंवा निळं पेन खिशात असू द्या.